लालडेंगा : जंगलातून विधानसभेपर्यंत

आमच्या हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या रूममध्ये मिझोरामचा एक मुलगा राहतो. फर्स्ट इयरला सगळे त्याला नेपाळी म्हणायचे, मीसुद्धा. एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवता उतरवता मी त्याला सहज विचारलं की घरी जायला तुला पासपोर्ट लागतो का. तो हसला. म्हणाला की मला काही लागत नाही, पण तू आलास तर तुला परमिट काढावं लागेल. मग त्यानं एक नाव सांगितलं आणि या माणसाबद्दल वाच म्हणाला. ते नाव होतं लालडेंगा. मी वाचलं, आणि वाटलं की हे मॅगझिनमध्ये यायलाच हवं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी जरा कच्चं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

लालडेंगांचा जन्म ११ जून १९२७ चा, लुंगलेईजवळच्या पुकपुई गावातला. तेव्हा हा डोंगराळ भाग लुशाई हिल्स नावाने आसामात होता. १९४४ मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि हवालदार झाले. पुढे ऐझॉलला मिझो जिल्हा परिषदेत हिशेबाच्या कामावर क्लार्क म्हणून लागले. म्हणजे अगदी साधा सरकारी माणूस. असा माणूस बंडखोर कसा झाला? याचं उत्तर बांबूत आहे!

मिझोरामच्या जंगलातल्या एका जातीच्या बांबूला साधारण दर ४८ वर्षांनी एकदम सगळीकडे फुलोरा येतो. मग फळं धरतात, ती खाऊन उंदरांची पैदास बेसुमार वाढते. बांबूची फळं संपली की ही उंदरांची फौज भाताच्या शेतांत घुसते आणि एका रात्रीत उभं पीक फस्त करते. या दुष्काळाला मिझो लोक मौताम म्हणतात. १९११ मध्ये मौताम आला होता, म्हणजे पुढचा १९५९ मध्ये येणार हे गणित कुणालाही मांडता येत होतं. मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारला सावध केलं आणि मदत मागितली. पण आदिवासींची अंधश्रद्धा समजून तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५९ मध्ये ठरल्याप्रमाणे मौताम आला.

आपण इंजिनियरिंगवाले. रीडिंग धोक्याचं दाखवत असताना मशीन चालू ठेवलं तर काय होतं हे आपल्याला सांगायला नको. इथे तेच झालं, फक्त मशीनच्या जागी माणसं होती.

लालडेंगा तेव्हा मिझो कल्चरल सोसायटीचं काम बघत होते. त्या मंडळींनी दुष्काळासाठी एक संघटना काढली, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. पोरं पाठीवर तांदूळ घेऊन डोंगर चढायची आणि गावोगाव पोचवायची. सरकार पोचलं नाही तिथे ही पोरं पोचली, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यातच १९६० मध्ये आसामने आसामी ही राज्याची अधिकृत भाषा केली, त्यानेही डोंगरातले लोक बिथरले. दुष्काळ संपला, पण राग संपला नाही. २२ ऑक्टोबर १९६१ ला संघटनेच्या नावातून फॅमिन हा शब्द गेला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष उभा राहिला. अध्यक्ष लालडेंगा. मागणी स्वतंत्र देशाची!

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटच्या लोकांनी ऐझॉल, लुंगलेई अशा ठिकाणी एकाच वेळी हल्ले केले आणि १ मार्चला मिझोराम स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. १९६१ च्या जनगणनेप्रमाणे तिथली लोकसंख्या पावणेतीन लाखसुद्धा नव्हती. या देशाला जगातल्या एकाही राष्ट्राने कधी मान्यता दिली नाही. पूर्व पाकिस्तानने आसरा आणि हत्यारं दिली, पण मान्यता नाही.

भारत सरकारने उत्तर दिलं ते विमानांनी. मार्च १९६६ मध्ये हवाई दलाने ऐझॉलवर मशीनगन चालवल्या, आगीचे बॉम्ब टाकले. बाजारपेठ आणि घरं जळाली, लोक जंगलात पळाले. स्वतंत्र भारतात आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर हवाई दल वापरल्याचं दुसरं उदाहरण मला सापडलं नाही. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. हे वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ बंद करून ठेवलं होतं.

१९६७ पासून त्याहून मोठी गोष्ट झाली. बंडखोरांना जेवण आणि आसरा मिळू नये म्हणून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या पहाऱ्यातल्या छावण्यांत आणली. मागे राहिलेली घरं आणि धान्य जाळलं. मिझोरामची तीन चतुर्थांशाहून जास्त जनता अशी हलवली गेली. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रंटच्या लोकांनीही रक्त सांडलं. जानेवारी १९७५ मध्ये ऐझॉलमध्ये पोलीस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांनी ऑफिसात घुसून मारलं. दोन्हीकडून मधल्यामध्ये चिरडला गेला तो साधा गावकरी.

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश झाला आणि लालडेंगांचा आसरा एका झटक्यात गेला. त्यांचे लोक बर्माच्या जंगलात पांगले, ते स्वतः पाकिस्तानात गेले. १९७२ मध्ये भारताने मिझोरामला केंद्रशासित प्रदेश केलं. आता लालडेंगांना दोन रस्ते होते, जन्मभर परक्या देशाच्या मेहेरबानीवर राहायचं किंवा बोलणी करायची. १९७६ मध्ये ते दिल्लीला आले. करार झाला आणि मोडला. १९७९ मध्ये अटक, १९८० मध्ये सुटका, पुन्हा बोलणी, १९८२ मध्ये पुन्हा फिसकटली, ते लंडनला निघून गेले. ऑक्टोबर १९८४ मध्ये पुन्हा दिल्लीला आले. इंदिरा गांधींशी भेट ठरली होती ३१ ऑक्टोबरला. त्याच दिवशी सकाळी इंदिराजींची हत्या झाली. दुसरा कुणी असता तर बॅग भरून परत गेला असता. लालडेंगा थांबले आणि राजीव गांधींबरोबर नव्याने सुरुवात केली.

३० जून १९८६ ला मिझो करारावर सह्या झाल्या. भारताकडून सही करणारे केंद्रीय गृहसचिव होते राम प्रधान, महाराष्ट्र केडरचे अधिकारी, एके काळचे यशवंतरावांचे खाजगी सचिव. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. करारात लालडेंगांनी स्वतंत्र देशाची मागणी सोडली. बदल्यात मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला, आणि मिझोंच्या धर्म, रूढी व जमिनीबाबतचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने मान्य केल्याशिवाय लागू होणार नाही अशी हमी घटनेतच आली. वीस वर्षं जंगलात काढलेले लोक हत्यारं ठेवून घरी आले. तेव्हाचे मुख्यमंत्री लालथनहवला खुर्ची सोडून उपमुख्यमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये लालडेंगा मुख्यमंत्री! शांततेसाठी खुर्ची सोडणारा माणूसही तितकाच मोठा, असं मला वाटतं.

२० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम भारताचं २३ वं राज्य झालं. लालडेंगा निवडणूकही जिंकले. पण राज्य चालवणं जंगल चालवण्याइतकं सोपं नव्हतं. १९८८ मध्ये त्यांचेच काही आमदार फुटले, सरकार पडलं, पुढच्या निवडणुकीत पक्ष हरला. हरल्यावर ते पुन्हा जंगलात गेले नाहीत, विरोधी बाकांवर बसले. ७ जुलै १९९० ला लंडनमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्यांना ऐझॉलमध्ये दफन केलं आहे.

लालडेंगा हिरो की व्हिलन? मला दोन्ही शब्द पटत नाहीत. त्यांच्यामुळे लोकांनी खूप सोसलं हे खरं, आणि मागितलं ते मिळणार नाही हे कळल्यावर थांबायची हिंमत त्यांनी दाखवली हेही खरं.

शेवटी परत बांबू. २००७ च्या सुमारास मौताम पुन्हा आला. तेव्हा मुख्यमंत्री होते झोरामथांगा, जंगलात लालडेंगांचे सेक्रेटरी असलेले. या वेळी सरकारने आधीपासून तयारी केली होती, मारलेल्या उंदराच्या एकेका शेपटीमागे लोकांना पैसे दिले. तरी पिकं बुडाली, टंचाई झाली, लोक चिडले. आणि २००८ च्या निवडणुकीत त्यांनी ते सरकार घरी पाठवलं. तोच बांबू, तेच उंदीर, तोच राग. या वेळी मात्र कुणी बंदूक उचलली नाही, लोकांनी फक्त बटण दाबलं.

आता आमच्या मजल्यावर माझ्या शेजाऱ्याला नावाने हाक मारतात. सुट्टीत मी त्याच्याकडे जाणार आहे. परमिटचा फॉर्म भरून झालाय.