कोसीच्या पाण्यातला पट्टेरी मासा आणि एक डॉक्टर

शोभेच्या माशांच्या दुकानात निळसर पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंची झेब्राफिश हमखास दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. जगभरच्या वैद्यकीय प्रयोगशाळांत आज तो हजारोंनी पाळला जातो. त्याची शास्त्राला पहिली ओळख करून दिली ती डॉ. फ्रान्सिस बुकॅनन यांनी, आणि त्यांचा पेशा वैद्यकाचा होता.

बुकॅनन यांचा जन्म 1762 मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थशायरचा. एडिंबरो विद्यापीठातून 1783 मध्ये ते एम.डी. झाले. प्रबंधाचा विषय होता थंडी वाजून पाळीने येणारा ताप, म्हणजे आपला हिवताप. पुढे काही वर्षे जहाजांवर डॉक्टरकी करून 1794 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत दाखल झाले. मात्र कंपनीने त्यांच्याकडून दवाखान्यापेक्षा पायपीटच जास्त करून घेतली. 1795 मध्ये ब्रह्मदेश, टिपूच्या पाडावानंतर 1800 मध्ये म्हैसूर, मग नेपाळ आणि 1807 ते 1814 अशी सात वर्षे बंगाल-बिहारचे सर्वेक्षण. पिके, रोगराई, बाजारभाव, जातीपाती, सगळ्याची नोंद करायची. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत कशालाही जुंपतात, त्याची परंपरा बरीच जुनी दिसते.

या भटकंतीत ते कोळ्यांच्या जाळ्यांत आलेले मासे पाहत. मिशा आहेत की नाहीत, परांत काटे किती, तोंड वर वळलेले की खाली, हे टिपून घेत. हालुदार नावाचा बंगाली चित्रकार त्यांच्यासाठी चित्रे काढत असे. नावे मात्र त्यांनी लॅटिन कोशातून शोधली नाहीत, लोकांच्या तोंडची घेतली. रोहिता, कटला, मृगाला, इलिशा ही शास्त्रीय नावे त्यांचीच. बंगालीतल्या पुंटीवरून पुंटिअस झाले, तर भातशेतीतल्या धानीवरून डॅनिओ. (आपल्या दख्खनमध्ये कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये हेच केले, खुद्री आणि कोलस ही त्यांनी दिलेली नावे.)

त्या काळी गोड्या पाण्यातले असंख्य मासे सायप्रिनस या एकाच प्रजातीत कोंबलेले असत. बुकॅनन यांनी तिचे पोटविभाग पाडले आणि डॅनिओ हा त्यांतला एक. उत्क्रांतीचा सिद्धांत तेव्हा यायचा होता. दिसण्यातले साम्य एवढाच त्यांचा आधार.

प्रकृती खालावल्याने 1815 मध्ये त्यांनी भारत सोडला. निघताना गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी त्यांची चित्रे कलकत्त्यात ठेवून घेतली. कंपनीच्या पैशाने काढलेली चित्रे कंपनीची, हा हिशेब कागदोपत्री बरोबर असेलही, पण शास्त्राला तो महागात पडला. आईची मालमत्ता वारसाने आल्यावर बुकॅनन यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतले आणि त्याच नावाने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरचा ग्रंथ छापला. अडीचशेहून अधिक माशांची वर्णने, चित्रे मात्र फक्त 97. कोसी नदीतल्या आपल्या पट्टेरी माशाचे नाव तिथे आहे सायप्रिनस रेरिओ.

त्यांच्या माशांचे जपून ठेवलेले मूळ नमुनेही उपलब्ध नाहीत. पॅथॉलॉजीत आम्ही गाठीचा मेणातला ठोकळा जपतो. निदानाबद्दल शंका आली तर त्यातून पुन्हा काप घेता येतो. इथे ठोकळाच नव्हता. वर्णन नक्की कोणत्या माशाचे, यावर पुढे वाद होत राहिले. मॅक्लेलंड या दुसऱ्या डॉक्टरने 1830 च्या दशकात कलकत्त्यातली चित्रे पाहिली, तेव्हा कुठे काही गुंता सुटला. सुंदरलाल होरा यांनी 1929 मध्ये त्यांवर पुन्हा काम केले.

रेरिओची वंशावळही बदलत गेली. 1916 मध्ये आखूड पाठपराच्या लहान जाती ब्रॅकिडॅनिओ या वेगळ्या प्रजातीत गेल्या. जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात या माशावर आनुवंशिकतेचे प्रयोग करून 1981 मध्ये शोधनिबंध छापला, तेव्हा त्याचे नाव ब्रॅकिडॅनिओ रेरिओच होते. नव्वदच्या दशकात तो पुन्हा डॅनिओ झाला. मग मोठ्या जाती देवारिओ नावाने वेगळ्या काढल्या गेल्या, आणि हे नावही हॅमिल्टन यांच्याच एका माशाचे.

ही नातीगोती डॉक्टरांच्या कामाची आहेत. रेरिओची अंडी पारदर्शक असतात. साधारण एका दिवसात आतले हृदय धडधडताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांचे भाऊबंद त्याच्यात सापडतात, हे 2013 मध्ये कळले. हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा वाढवतो. आपले हृदय मात्र झटक्यानंतर व्रणावरच भागवते. ही क्षमता कोणत्या जातीत आहे आणि कोणत्या फांदीवर हरवली, हे शोधायला आधी वंशवृक्ष बरोबर मांडावा लागतो. म्यानमारमधला डॅनिओनेला हा याच कुळातला चिमुकला मासा तर मोठेपणीही पारदर्शक राहतो, त्यामुळे त्याचा जिवंत मेंदू बाहेरून पाहता येतो.

हॅमिल्टन 1829 मध्ये स्कॉटलंडमध्ये वारले. डॅनिओ रेरिओ या नावापुढे आजही कंसात हॅमिल्टन, 1822 असे लिहितात. त्या कंसाचा अर्थ एवढाच, की नाव त्यांनी दिले, प्रजाती नंतर बदलली.