गाण्यांचा खातेदार

न्यूझीलंडच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर सर आपिराना न्गाता यांची छबी आहे. आयुष्य बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला आधी आकडा दिसतो. पण या माणसाने जपलेली ठेव आकड्यांत मावणारी नव्हती.

न्गाता १८७४ साली न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, न्गाती पोरोऊ या माओरी जमातीत जन्मले. १८९३ मध्ये ते बी. ए. झाले, पुढे कायद्याचेही पदवीधर झाले. तिथल्या विद्यापीठाचे ते पहिले माओरी पदवीधर. त्या काळात माओरींची संख्या घटत चालली होती. १८९६ च्या शिरगणतीत ती जेमतेम बेचाळीस हजार भरली. म्हातारी माणसे जात होती आणि त्यांच्याबरोबर गाणीही. विलापगीते, प्रेमगीते, बाळाला पूर्वजांची ओळख करून देणारी अंगाईगीते, सारे तोंडीच होते. गाताना मध्येच सूर तुटणे माओरी अशुभ मानतात. म्हणून समूहातले गायक आळीपाळीने श्वास घेतात. आता तर परंपराच तुटायची वेळ आली होती.

१९०५ पासून खासदार असलेल्या न्गातांनी राजकारणाच्या धबडग्यात ही गाणी जमवली. नुसते शब्द उतरवून ते थांबले नाहीत. गाणे कोणाचे, कोणत्या जमातीचे, त्यातली माणसे आणि गावे कोणती, याच्या टिपा त्यांनी जोडल्या. नावे कळली नाहीत, तर नातवाला आजीचे गाणे परके वाटेल, हे त्यांनी ओळखले होते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘न्गा मोतेआतेआ’ या संग्रहाचे पहिले भाग निघाले. १९२९ मध्येच पत्नी आरिहिया आणि थोरला मुलगा माकारिनी दोघेही गेले. इतरांचे विलाप जमवणाऱ्याच्या घरातच शोक आला. १९३४ मध्ये चौकशी आयोगाने त्यांच्या खात्याच्या जमीन-सुधारणा योजनांच्या हिशेबांवर ताशेरे ओढले आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. सरकारी हिशेबात ढिलाई राहिली खरी. गाण्यांच्या खातेवहीत मात्र त्यांनी नोंदीची हयगय केली नाही.

१९५० मध्ये ते गेले, तेव्हा काम अपुरेच होते. पेई ते हुरिनुई जोन्स यांनी ते पुढे नेले; तिसरा भाग १९७० मध्ये, चौथा १९९० मध्ये आला. या शतकातल्या नव्या आवृत्तीसोबत ध्वनिमुद्रणेही आली, कारण कागदावर शब्द टिकतात, चाल टिकत नाही.

एकाचा श्वास संपला, तेव्हा शेजारच्याने सूर धरला होता.