बंबाआधी माणसे तयार करणारा : जेम्स ब्रेडवूड



दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते, त्यामुळे शाळाशाळांतून या दुसऱ्या निमित्ताकडे थोडे दुर्लक्षच होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो लोक प्राणास मुकले, हजारो बेघर झाले आणि आग विझवायला धावलेले मुंबई दलाचे ६६ जवान परत आले नाहीत.

हे जवान जहाज सोडून पळाले नाहीत, पाण्याचे पाईप धरून उभे राहिले. माणसात हे बळ कुठून येते, याचा विचार करताना मला एका स्कॉटिश माणसाचे चरित्र आठवते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे बंब म्हणायच्या ऐवजी आजही माझ्या तोंडी पटकन 'दमकल' येते आणि मुले हसतात. पण दमकल म्हणा, बंब म्हणा, त्यामागचे शास्त्र ज्याने पहिल्यांदा नीट बसवले तो हा जेम्स ब्रेडवूड.

जेम्सचा जन्म १८०० साली एडिनबरो शहरात झाला. वडील लाकूडकामाचे व घरबांधणीचे काम करीत. शाळा संपल्यावर मुलगाही त्याच धंद्यात शिरला. तुळई कुठे टेकते, भिंत कशावर उभी असते, जिना जळाला तर घराचा कोणता भाग आधी खाली येतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे हेच ज्ञान त्याच्या कामी आले.

त्या काळी आग विझवणे हे विमा कंपन्यांचे काम होते. प्रत्येक कंपनीचा बंब वेगळा, माणसे वेगळी. एडिनबरो शहराने १८२४ मध्ये नगरपालिका आणि विमा कंपन्या यांच्या एकत्रित खर्चाने एक दल उभारले आणि त्याचे प्रमुखपद ब्रेडवूडला दिले. वय अवघे २४. दल उभे राहून काही आठवडेच झाले होते, माणसांचे शिक्षणही पुरे झाले नव्हते, आणि नोव्हेंबरात शहराच्या जुन्या भागात भयंकर आग लागली. ती दिवसेंदिवस धुमसत राहिली. दहाहून अधिक माणसे दगावली, शेकडो कुटुंबे उघड्यावर आली.

या आगीत एक गोष्ट उघडी पडली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बंब होते, माणसेही होती. पण हुकूम देणारे फार होते! न्यायाधिकारी एक सांगत, विमा कंपनीचे साहेब दुसरे सांगत, आणि मधल्या मध्ये बंबवाले इकडून तिकडे धावत. चौकशीनंतर शहराने ठरवले की आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालेल, दलाच्या प्रमुखाचा. आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून गावच्या जत्रेपर्यंत हुकूम देणारे किती आणि ऐकणारे किती, हे पालकांना मी सांगायला नको.

मग ब्रेडवूडने माणसे घडवायला घेतली. त्याने निवडले ते छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे आणि लोहार. छपरावर चालायची सवय असलेला उंचीला भीत नाही आणि लोहार बंब मोडला तर जागेवर दुरुस्त करतो, असा त्यामागे विचार होता. त्यांची कवायत पहाटे चार वाजता होई. रस्ते मोकळे असतात, आणि आगी रात्रीच्या अंधारातही लागतात, तेव्हा अंधारातच हात चालायला हवेत. गोंगाटात आवाज ऐकू जात नाही म्हणून त्याने शिट्टीच्या खुणा ठरवल्या.

त्याची शिकवण आज साधी वाटते, पण तेव्हा नवी होती. रस्त्यावर उभे राहून ज्वाळांवर पाण्याचा फवारा मारत बसण्यात काही अर्थ नाही, पाईप घेऊन आत शिरा आणि जे पेटले आहे त्यावर पाणी मारा. धुरात ताठ उभे राहू नका, हातागुडघ्यांवर रांगा, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. एकट्याने आत जाऊ नका. एकदा लोखंडी सामानाच्या एका दुकानाला आग लागली व आत बंदुकीची दारू आहे असे कळले, तेव्हा तो स्वतः जळत्या तळघरात उतरला आणि ती पिंपे एकामागून एक बाहेर घेऊन आला. इतरांना पाठवता आले असते. १८३० मध्ये त्याने हे सारे अनुभव एका पुस्तकात लिहून काढले.

लंडनमधल्या दहा विमा कंपन्यांनी आपापली दले एकत्र केली, तेव्हा १ जानेवारी १८३३ पासून त्या दलाचा प्रमुख म्हणून त्यालाच बोलावले. एवढ्या अफाट शहरासाठी माणसे होती सुमारे ८०. तिथे त्याने खलाशांना पसंती दिली. रात्रपाळी, हुकूम आणि दोरावर चढणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेची इमारत जळाली. तिचा विमा उतरवलेला नव्हता, तरी ब्रेडवूडचे दल रात्रभर लढले आणि प्राचीन वेस्टमिन्स्टर हॉल वाचला.

टेम्स नदीकाठच्या मोठमोठ्या गोदामांविषयी मात्र तो सतत बेचैन असे. ही गोदामे फार मोठी आहेत, पेटली तर आपल्या बंबांना आवरणार नाहीत, असे त्याने लेखी बजावून ठेवले होते. २२ जून १८६१ रोजी, शनिवारी संध्याकाळी, टूली स्ट्रीटच्या एका गोदामातून धूर निघाला. आत ताग, कापूस, चरबी, साखर, सोरा, मसाले. यातला बराच माल आपल्यासारख्या देशांतून गेलेला. आग अडवण्यासाठी लोखंडी दारे बसवलेली होती, पण ती उघडीच राहिली होती. नदीला ओहोटी होती, नळांना पाणी वेळेवर आले नाही. ब्रेडवूड आपल्या थकलेल्या माणसांना थोडी थोडी ब्रँडी देत फिरत होता (त्या काळची ती रीत होती, मुलांनी लक्ष देऊ नये). एवढ्यात गोदामाची भिंत बाहेरच्या बाजूला कलली आणि तो तिच्याखाली सापडला. देह काढायला दोन दिवस लागले. आग पुरती विझायला दोन आठवडे.

त्याच्या अंत्ययात्रेला लंडनची दुकाने बंद राहिली आणि चर्चच्या घंटा वाजत होत्या. त्याचा सावत्र मुलगाही दलातच होता आणि १८५५ मध्ये आगीतच गेला होता. त्याच्याच शेजारी ब्रेडवूडला विसावा मिळाला. या आगीचे नुकसान भरता भरता विमा कंपन्या मेटाकुटीला आल्या आणि हे काम आता सरकारने पाहावे असे त्यांनी कळवले. १८६५ मध्ये कायदा झाला, १८६६ पासून लंडनला सार्वजनिक अग्निशमन दल मिळाले. तीस वर्षे जे व्हायला हवे होते, ते तो गेल्यावर झाले.

मुळगावच्या मुलांना आगीची ओळख करून द्यायला नको. आपल्या केळबाईची बहीण लईराई, तिच्या शिरगावच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून जाताना आपण लहानपणापासून पाहतो. त्याच जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि माणसे गेली. मार्च २०२३ मध्ये म्हादईचे रान पेटले होते. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाईट क्लबात आग लागून २५ जण मरण पावले, त्यांत बहुतेक तिथे काम करणारे होते.

हडफड्याची बातमी वाचली त्याच आठवड्यात मी आपल्या शाळेत न सांगता घंटा वाजवून पाहिली. मुले शहाण्यासारखी रांगेने निघाली. पण मागच्या दाराला कुलूप होते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी रजेवर होते. दोन्ही वरचे वर्ग फिरून पुढच्या दाराकडे आले आणि तिथे पहिलीची मुले बूट घालत बसली होती. चूक माझीच, आधी पाहायला हवे होते. आता दाराला आतून सरकवायची कडी बसवली आहे. जिन्याखाली ठेवलेली जुनी बाके हलवायचा विषय विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. डिचोलीच्या अग्निशमन केंद्रातील जवानांना शाळेत बोलावण्यासाठी पत्रही दिले आहे. तारीख ठरली की वर्गात कळवू, त्या दिवशी पालकांनीही जरूर यावे. १०१ हा नंबर पहिलीच्या मुलांनी फळ्यावर लिहून ठेवला आहे, तो पुसू नये.