पर्सी ब्रिजमन

अमेरिकेतील केंब्रिज येथे २१ एप्रिल १८८२ रोजी पर्सी ब्रिजमन यांचा जन्म झाला. १९०० साली ते हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच रमले. प्रचंड दाबाखाली पदार्थाचे काय होते, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

त्या काळी दाब फार वाढवला की यंत्रे गळू लागत. ब्रिजमन यांनी असे बूच बनवले, की आतला दाब वाढला की ते आपोआप अधिकच घट्ट बसे! गळती थांबली. पुढे त्यांनी हवेच्या दाबाच्या लाखपट मजल मारली. (आपल्या कुकरची शिट्टी साधारण दुप्पट दाबालाच होते.) यंत्रांचे भाग ते स्वतः घडवत, आम्हाला त्यांचे हेच फार आवडते.

१९३५ साली त्यांनी दाबाला पिळाची जोड दिली. हिगाशी-कसाईच्या आपल्या मुलांना जाते ठाऊक नसेल, पण जपानी इशिउसु म्हणजे जातेच. तसेच हे यंत्र. दोन कठीण ऐरणींमध्ये धातूची चकती दाबायची आणि एक ऐरण फिरवायची. चकती अखंड राहते. बारीक होतात ते तिच्या आतले कण. धातू असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. कण जितके बारीक, तितक्या त्यांच्या सीमा जास्त. धातू वाकताना आत जी घसरण होते, ती या सीमांपाशी अडते, म्हणून धातू अधिक बळकट होतो.

ब्रिजमन मात्र कणांच्या शोधात नव्हते. दाब आणि पीळ एकत्र सोसताना पदार्थाचे रूप पालटते का, हे त्यांना पाहायचे होते.

१९३९ साली त्यांनी एक कठोर निर्णय जाहीर केला. हुकूमशाही राष्ट्रांच्या नागरिकांना आपली यंत्रे दाखवायची नाहीत, प्रयोगांची चर्चाही करायची नाही. विज्ञान सर्वांचे असते असे आपण मुलांना सांगतो, तरी त्या वर्षी असे वागल्याबद्दल त्यांना दोष देणे आम्हाला जमत नाही. युद्धकाळात त्यांनी चिलखती पोलादावर काम केले. १९४६ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

पिळाच्या यंत्राचे खरे दिवस नंतरच आले. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघातील उफा शहरात संशोधक पिळाने धातूचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक करू लागले. १९९८ साली ओसाका विद्यापीठाने त्याच कामासाठी वेगळी रीत मांडली, अगदी घडीच्या पोळीसारखी: पत्रा लाटायचा, कापून एकावर एक ठेवायचा आणि पुन्हा लाटायचा.