मरणाच्या छायेतून मुक्तीकडे : पंडिता रमाबाईंचे जीवन

मला मरणाची भीती वाटते, असे उघडपणे कबूल करणारा ख्रिस्ती मनुष्य विरळाच. रविवारी आपण विश्वासांगीकार म्हणतो, देहाचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन ह्यांवर आपला विश्वास असल्याचे सर्वांसमक्ष सांगतो. परंतु घरात मोठे दुखणे आले, की तीच वाक्ये ओठांवर अडखळतात. आमच्या मंचेरियलकडे तर हा विषय कोणालाच दूरचा नाही. गोदावरीच्या काठी आप्तांच्या अस्थी घेऊन येणारी कुटुंबे आम्ही पाहतो. आसपासच्या कोळशाच्या खाणींत घरचा माणूस पाळीवर गेला, की तो परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर असतो. आणि मूठमाती देऊन परतल्यावर, चांगले जुने सभासददेखील हलक्या आवाजात विचारतात, की आपला माणूस आता खरोखर कोठे आहे काय?

ह्या प्रश्नाला घाईघाईने एखादे वचन काढून उत्तर देणे सोपे असते. त्यापेक्षा, ज्या व्यक्तीने हा प्रश्न अनेक वर्षे उराशी बाळगला व ज्या व्यक्तीला त्याचे उत्तर एका दिवसात मिळाले नाही, तिचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवणे आम्हांस अधिक हिताचे वाटते. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या कार्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. त्यांच्या आयुष्यात मरण किती वेळा दाराशी आले, हे मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई ह्यांना संस्कृत शिकविले व त्यासाठीच ते रानात जाऊन राहिले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले, ते कायमचे. त्यानंतर तीर्थामागून तीर्थ करीत, देवळांतून पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत राहिले. आईनेच रमाबाईंना संस्कृत शिकविले. पुण्य साठवावे, देव प्रसन्न व्हावा व मरणोत्तर गती चांगली मिळावी, ह्याच हेतूने सारे व्रतवैकल्य चालले होते. जवळ होते ते द्रव्यही दानधर्मात संपून गेले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई साधारण सोळा वर्षांच्या होत्या. मोलमजुरी कोणाला ठाऊक नाही, भीक मागण्याची लाज वाटे. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात शिरून तेथेच देह ठेवावा असे सर्वांनी ठरविले. अकरा दिवस व रात्री त्यांनी पाणी, पाला व रानातली फळे ह्यांवर काढल्या. वृद्ध वडिलांची दृष्टी गेलेली होती. पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यावी असे त्यांनी ठरविले, आणि आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन तिचा निरोप घेतला. आपण तुझ्यावर किती प्रेम केले हे विसरू नकोस, सन्मार्ग सोडू नकोस, तुला मी देवाच्या हाती सोपविले आहे, अशा अर्थाचे त्यांचे बोल रमाबाईंना जन्मभर आठवत राहिले. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. मी मजुरी करीन, पण हे करू नका, असे त्याने विनविले. सर्व जण रानातून बाहेर आले. परंतु वडिलांचे शरीर खचले होते. थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांनी संन्यास घेतला असल्यामुळे त्यांना दहन न करता पुरण्यात आले.

थोड्याच महिन्यांत आईची पाळी आली. तापाच्या भ्रमात ती अन्न मागू लागली, तेव्हा रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मणीच्या घरी गेल्या. पण मागण्यासाठी तोंड उघडेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने ओळखून भाकरी दिली. ती आणली तोवर आईला खाण्याची शक्ती उरली नव्हती. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. भावाबरोबर दोन ब्राह्मण आले, चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेऊन त्या सुमारे तीन मैल स्मशानापर्यंत चालल्या. मग थोरली बहीणही गेली. आठ-नऊ माणसांच्या पंक्तीत वाढलेले आपले लोक ह्या प्रसंगाची कल्पनाही करू शकणार नाहीत.

राहिलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली. बाईंच्या सांगण्याप्रमाणे ही चाल चार हजार मैलांची झाली. कित्येकदा थंडीच्या रात्री ओढ्याकाठच्या वाळूत खड्डा करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली. ह्याच काळात त्यांचा जुना विश्वास ढासळला. आईवडिलांनी शास्त्राने सांगितलेले सारे केले, तरी फळ हे! १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. पण तेथेच धर्मशास्त्रांचा अधिक अभ्यास करताना त्यांना दिसून आले, की स्त्री व शूद्र ह्यांना मोक्षाचे दार जवळजवळ बंद आहे. पतीची भक्ती करावी, आणि पुण्य असेल तर पुढे कधी तरी पुरुषाचा जन्म घेऊन मोक्षाची आशा धरावी, असा त्याचा मथितार्थ. ज्या आईने जन्मभर व्रते केली, तिच्या वाट्याला एवढेच काय?

मृत्यू अजून थांबला नव्हता. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच आईबाप, बहीण, भाऊ व पती ह्या सर्वांना त्यांनी निरोप दिला होता. सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. त्या वाचनाने मनात एक बी पडले, एवढेच.

पुढे १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी प्रेमाने वागवितात हे त्यांनी पाहिले, आणि शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत वाचून ख्रिस्ताजवळ स्त्रीलाही दार उघडे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व अशा विषयांवर त्यांनी आपल्या धर्ममातेशी पत्रांतून निर्भीड वाद केला. कोणी सांगितले म्हणून मान्य करावे, हा त्यांचा स्वभावच नव्हता.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंना मनाची शांती मिळाली, असे आपण सहज समजतो. त्यांची स्वतःची साक्ष निराळी आहे. बाप्तिस्मा झाला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले, विधवांसाठी काम जोरात चालले. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही, हे त्यांना आतून जाणवत होते. आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज पाळकाचे मरणातून जीवनात आल्याविषयीचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. हा मनुष्य कितीएक वर्षे पाळकपण करीत होता, आणि एके दिवशी स्वतःच्याच उपदेशात, व्यासपीठावर उभा असता, त्याचे परिवर्तन झाले. ते वाचून रमाबाईंनी आपल्या मनाची झडती घेतली. आपल्या पात्रतेने नव्हे, तर प्रभूने वधस्तंभावर केलेल्या कार्यानेच आपण तारलो आहोत, हे त्यांनी स्वीकारले. वाद संपले असे नाही. पण पायाखालची वाळू जाऊन खडक आला.

हे आम्ही एवढ्यासाठी लिहितो, की आपल्या मंडळ्यांत पुष्कळ जण आपल्या शंकेची लाज बाळगतात. मंडळीच्या पटावर नाव आहे, संडे-स्कूलमध्ये शिकवितो, मग भीती का वाटते, असे त्यांना होते. रमाबाईंसारख्या स्त्रीलाही आठ वर्षे लागली. थोमा प्रेषितालाही आठ दिवस थांबावे लागले, आणि प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. आपले घाय दाखविले.

ह्या विश्वासाने बाईंनी काय केले, ते पाहणे अगत्याचे आहे. मरणाचे भय गेलेला मनुष्य स्वर्गाकडे डोळे लावून बसत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींची वार्ता कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या व शेकडो मुली घेऊन आल्या. स्वतःचे ते रानातले अकरा दिवस त्या विसरल्या नव्हत्या. केडगावची माळरानाची जमीन मुक्ती सदन झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आलेल्या सर्वच मुली वाचल्या नाहीत. कित्येकींना उपासमारीने इतके पोखरले होते, की अन्न मिळूनही त्या गेल्या. पण त्या एकट्या मेल्या नाहीत. ज्या मुलीने एके काळी आईची तिरडी डोक्यावर वाहिली, तिच्या घरात कोणाला खांद्याची वाण पडली नाही.

निजामाच्या राज्याशीही त्यांचे नाते होते. गुलबर्गा येथे त्यांनी शाळा काढली व मनोरमाबाईंनी ती सांभाळली. हीच कन्या आईच्या कामाची वारस होणार, असे सर्व धरून चालले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई प्रभूकडे गेल्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या व त्यांना ऐकू फार कमी येत होते. ज्यांच्यावर सारी भिस्त ठेवली, तेच हातचे गेले. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम टाकले नाही. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचा त्यांचा प्रयत्न वर्षानुवर्षे चालला होता. त्याची मुद्रिते त्या अखेरपर्यंत तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, मनोरमाबाईंच्या मागोमाग नऊ महिन्यांच्या आत, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पवित्र शास्त्र १९२४ साली पूर्ण छापून बाहेर पडले.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्ताचे नाव न ऐकता गेलेल्या त्या आईवडिलांचे काय? आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा असेच गेले आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. आम्ही ह्याचा निवाडा करीत नाही. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय करणार नाही, ह्या भरवशावर अब्राहामाने सदोमासाठी रदबदली केली. तेथेच आम्हीही थांबतो. अनंतशास्त्र्यांनी त्या रानात मुलीला ज्या देवाच्या हाती दिले, त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. पण ते हात रिकामे नव्हते, हे त्या मुलीच्या आयुष्याने दाखवून दिले.

आमच्या संडे-स्कूलच्या शिक्षकांस एक विनंती आहे. मुले मरणाविषयी विचारतात तेव्हा त्यांना गप्प बसवू नका, किंवा आकाशातल्या सोन्याच्या गावाची गोष्ट सांगून वेळ मारून नेऊ नका. लाजराच्या कबरेजवळ प्रभू रडला, हे आधी सांगा. मग तीच कबर उघडली हे सांगा. दोन्ही खरे आहे. आणि सभासद बंधुभगिनींनो, आपल्या गल्लीत कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर शब्द सुचले नाहीत तरी जा. खांदा द्या, रात्री सोबतीला बसा, दुसऱ्या दिवशी भाकरी पोहोचवा. पुनरुत्थानावरचा आपला विश्वास त्या घरच्यांना तेथे प्रथम दिसेल.

ज्या प्रभूने मरणाच्या भयाने दास झालेल्यांना सोडविण्यासाठी स्वतः मरण सोसले, तो आपल्या भित्र्या मनांना धीर देवो. आमेन.