गोअरिंगला बनावट चित्र विकून हिरो झालेला चित्रकार, पण त्याची हिरोगिरी खरी होती का?

बनावट चित्रांवरचे थ्रिलर वाचताना एक प्रश्न हमखास पडतो. एवढे मोठे तज्ज्ञ असे कसे काय फसतात? लेखकाने जरा जास्तच ताणलंय असं वाटतं. पण हान व्हॅन मेगेरेनचं आयुष्य बघितलं, तर कादंबऱ्या फिक्या पडतात.

हानचा जन्म 1889 चा, नेदरलँड्सच्या डेव्हेंटर शहरातला. वडील शिक्षक, एकदम कडक. पोरगं चित्रकार होणार हे त्यांना मान्य नव्हतं, म्हणून हानला आर्किटेक्चर शिकायला डेल्फ्टला धाडलं. आता डेल्फ्ट म्हणजे 17 व्या शतकातला महान चित्रकार योहानस व्हर्मीर याचं गाव. हानने शेवटी ब्रशच हातात धरला.

पोर्ट्रेट काढून पैसा मिळत होता, पण समीक्षकांनी शिक्का मारला की हात चांगला आहे, स्वतःचं मात्र काहीच नाही. हे त्याच्या जिव्हारी लागलं.

1932 मध्ये तो दक्षिण फ्रान्सला गेला आणि तयारीला लागला. 17 व्या शतकातलं जुनं चित्र विकत घ्यायचं, त्यावरचा रंग खरवडायचा आणि त्याच कॅनव्हासवर नवं चित्र काढायचं. ऑइल पेंट पूर्ण कडक व्हायला अनेक दशकं लागतात. यावर त्याने तोड काढली. बेकेलाइट ज्या रसायनांपासून बनतं तीच रंगात मिसळली आणि चित्र चक्क ओव्हनमध्ये भाजलं. मग कॅनव्हास गुंडाळून भेगा पाडल्या आणि त्यात शाई भरली.

पण खरा डोकेबाजपणा पुढे आहे. व्हर्मीरची चित्रं मोजकीच, पस्तीसच्या आसपास. त्याने आणखी धार्मिक चित्रं काढली असावीत, असा काही तज्ज्ञांचा अंदाज होता. हानने त्यांना नेमकं तेच चित्र बनवून दिलं, एमाउस गावात जेवायला बसलेला येशू. 1937 मध्ये नावाजलेले तज्ज्ञ अब्राहम ब्रेडियस यांनी ते अस्सल ठरवलं. पाच लाख गिल्डरहून जास्त किमतीला ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स म्युझियममध्ये पोहोचलं.

पुढे महायुद्ध पेटलं. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात गेला. लोक उपासमारीने मरत होते आणि हान नवनवे व्हर्मीर विकून मजेत जगत होता. त्यातला एक व्हर्मीर मध्यस्थामार्फत थेट नाझी नेता हर्मन गोअरिंगकडे गेला. त्याने बदल्यात लुटलेली शंभराहून जास्त चित्रं दिली.

1945 मध्ये दोस्त सैन्याला हे चित्र सापडलं आणि माग हानपर्यंत आला. देशाचा ठेवा शत्रूला विकला म्हणून अटक झाली. शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकत होती. दीड महिन्याने त्याने कबूल केलं की हा व्हर्मीर त्यानेच काढलाय. कुणाचा विश्वास बसेना. मग पहाऱ्यात, साक्षीदारांसमोर त्याने आणखी एक व्हर्मीर रंगवून दाखवला!

देशद्रोहाचा आरोप मागे पडला. गोअरिंगला उल्लू बनवणारा माणूस म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नोव्हेंबर 1947 मध्ये फसवणुकीबद्दल फक्त एक वर्षाची शिक्षा झाली. तीही त्याने भोगली नाही. 30 डिसेंबर 1947 ला तो गेला.

थ्रिलर इथे संपला असता. पण हानच्या चित्रांचं एक पुस्तक बर्लिनमध्ये हिटलरच्या कार्यालयात सापडलं होतं, आणि त्यावर हिटलरला उद्देशून अर्पणपत्रिका होती. सही आपली, पण अर्पणपत्रिका दुसऱ्याच कुणीतरी लिहिली, असा बचाव त्याने केला. पुढे अभ्यासकांनी त्याची नाझींशी असलेली जवळीक पुराव्यांसकट मांडली.

म्हणजे तज्ज्ञांना हवा होता तसा व्हर्मीर त्याने दिला. युद्धाने पोळलेल्या लोकांना नाझींना फसवणारा हिरो हवा होता, तोही दिला. तज्ज्ञ कसे फसतात, याचं उत्तर इथेच आहे. आपल्याला जे बघायची इच्छा असते, ते आपण तपासत नाही.