बडोद्याची शिष्यवृत्ती आणि बाबासाहेबांनी फेडलेले ऋण



महाडचा सत्याग्रह, संविधान, धम्मदीक्षा हे सगळं आपल्या मुलांना पाठ आहे. पण त्याच्याही आधी एक शिष्यवृत्ती होती. ती कशी मिळाली आणि बाबासाहेबांनी ती कशी फेडली, हे माहुलच्या घराघरांत कळावं म्हणून हा लेख.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं कॉलेजात पैशाची अडचण आली, तेव्हा याच गुरुजींनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं नेलं. महाराजांनी महिना २५ रुपये चालू केले आणि त्यावर भीमराव बी. ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत गेले. तोच वडील आजारी पडले आणि २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. घराचा भार अंगावर, वय अवघं २१. त्याच वर्षी बडोदा सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवणार होतं. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायची, असा तो करार होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठवले, उरल्या पैशात जुनी पुस्तकं घेतली. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि पुढं लंडन गाठलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं.

आता करार पाळायचा होता. एवढा शिकलेला माणूस बडोद्याच्या कचेरीत गेला, तर शिपाई लांबूनच फायली टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळेना, राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. कामाठी बागेत पाच तास बसून ते रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले. शिष्यवृत्तीनं विद्या दिली, पण अस्पृश्यता पुसली नाही. एकट्यानं मोठं होऊन भागत नाही, हे त्यांना तिथं अंगावर कळलं.

मग १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, साठवलेले पैसे, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत, आणि पुन्हा लंडन. १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. १९२५ साली कोलंबियाचा प्रबंध ग्रंथरूपानं निघाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाचा हिशोब हा त्याचा विषय. पुढं १९४७ साली ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा त्यांच्यासमोर आला. परदेशातली विद्या अशी देशाच्या कामी आली.

दहा वर्षांची चाकरी बडोद्यात झाली नाही, ती त्यांनी समाजाची केली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९२५ साली सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडलं. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी सरकारपुढं मागणी ठेवली आणि आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. मॅट्रिकनंतर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचं मूळ तिथं आहे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं. २५ रुपयांवर शिकलेल्या मुलानं हजारो मुलांची सोय केली.

आपल्याकडं जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला काढताना आई-बापांच्या खेपा होतात, रोज बुडतो. कंटाळून काही जण फॉर्मच भरत नाहीत आणि पोरगं शिक्षण सोडून कामाला लागतं. मायबापहो, असं करू नका. ती भीक नाही, बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला हक्क आहे. आणि जी मुलं त्यावर शिकून मोठी झाली, त्यांनी एक तरी संध्याकाळ विहारात येऊन दुसऱ्याच्या मुलाचा फॉर्म भरून द्यावा. बाबासाहेबांचं ऋण फेडायची रीत हीच.

जय भीम! नमो बुद्धाय!